चावीदादांचे प्रिंटर

इस्पितळात त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. पगाराच्या कागदावर नाव होतं, आमच्या इमारतीच्या जिन्याखाली लावलेल्या पाटीवर होतं. पण इस्पितळाच्या दारातून आत गेलं की ते फक्त चावीदादा. "चावीदादा कुठे आहेत?" "चावीदादांना खाली पाठवा." "चावीदादा आले नाहीत तर आज आमची काही धडगत नाही." नव्याने रुजू झालेल्या एका डॉक्टरीणबाईंनी तर एकदा आपल्या कपाटाचं अडकलेलं कुलूप त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते निमूटपणे तेल घालून उघडून दिलं, आणि मग सांगितलं, "मॅडम, मी कॉम्प्युटर विभागात असतो."

ते माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. लहानपणी मी शिकवायचे त्या वर्गात होते, म्हणून पन्नाशी उलटली तरी मला बाईच म्हणतात. पुढे जे लिहिते आहे, त्यातलं थोडं त्यांनी सांगितलं, बरंचसं त्यांच्या बायकोने, आणि राहिलेलं त्या इस्पितळातल्या मोठ्या सिस्टरांनी. त्या संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला येतात आणि चालताना बोलल्याशिवाय त्यांना दम लागतो.

चावी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. इस्पितळातल्या संगणकांवर बसणाऱ्यांना त्यांच्या कामापुरतेच अधिकार दिलेले असतात. नर्सने रुग्णाची नोंद करावी, तपासणीचे अहवाल बघावेत, औषधांची चिठ्ठी काढावी. पण संगणकात नवीन काही बसवायला गेलं की पडद्यावर एक चौकट येते आणि मुख्य पासवर्ड मागते. हा पासवर्ड चावीदादांकडे. पूर्वी असं नव्हतं. सगळ्यांना सगळं करता यायचं. मग कुणीतरी हौसेने गाणी वाजवायचं काहीबाही उतरवून घेतलं, त्यातून व्हायरस शिरला, आणि अख्खं इस्पितळ बंद पडलं. कुणाला कोणतं औषध द्यायचं हे सांगायला पडद्यावर काही उरलं नाही. डॉक्टर हाताला येईल त्या कागदावर लिहीत होते आणि नातेवाईक जिन्यात उभे राहून रडत होते. ते ज्यांनी पाहिलं त्यांत चावीदादा होते. त्यानंतर त्यांनी सगळ्यांचे अधिकार असे आवळले की कुणाचं काही चालेना, आणि कुणाचं वाईटही झालं नाही.

अडचण प्रिंटरची. संगणकाला एखाद्या प्रिंटरशी बोलायचं असेल तर त्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे दोघांमधला दुभाषी म्हणा, आधी आत बसवावा लागतो. आणि बसवायचं म्हटलं की ती चौकट आलीच. इस्पितळात प्रिंटर सारखे बिघडतात, बदलतात, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात. नर्सेसही दर महिन्याच्या एक तारखेला एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात जातात. त्या त्या वेळी चावीदादांनी जिना चढून यायचं, वाकून कळफलकावर पासवर्ड मारायचा, प्रिंटर जोडून द्यायचा, की पुढच्या मजल्यावरून हाक.

त्यात एक रीत पडून गेली होती. पासवर्ड मारायच्या आधी ते म्हणायचे, "सिस्टर, जरा खिडकीबाहेर बघा." आणि सिस्टर तोंड फिरवून म्हणायच्या, "बाहेर काय बघायचं दादा, तीच पाण्याची टाकी." बाजूच्या खाटेवरचा पेशंटही तोंड फिरवायचा. एका म्हाताऱ्या बाईंनी तर अंगावरची चादर डोक्यावरून ओढून घेतली होती, आणि आतून विचारलं होतं, "झालं का रे बाबा?"

नोकरीची सगळी वर्षं त्यांची अशी गेली. रबरी तळव्याचे बूट, खिशात पडदे पुसायचं मऊ फडकं, आणि डोक्यात अख्ख्या इस्पितळातली माणसं. कोणती नर्स कोणत्या वॉर्डात आहे, कुणाला बारीक अक्षर दिसत नाही, कुणाला गरोदरपणामुळे खालच्या मजल्यावर बदली हवी आहे, हे त्यांना मोठ्या सिस्टरांच्या आधी कळायचं. मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "माझ्या मुलींची खबर मला पाहिजे असेल, तर मी चावीदादांना चहा पाजते."

त्यांच्या डोळ्यांचं सगळ्यांत आधी बायकोच्या लक्षात आलं. ती घरी शिवणकाम करते. सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या नजरेतलं कमीजास्त लवकर कळत असावं. डाव्या बाजूला ठेवलेला चहा तसाच गार होतो, उजवीकडे ठेवला की लगेच उचलला जातो, हे तिने काही दिवस पाहिलं. मग एकदा मुद्दाम डावीकडून जवळ जाऊन त्यांच्या गालापाशी हात हलवला. ते पेपर वाचत राहिले.

"अहो," ती म्हणाली, "मी इथे उभी आहे."

ते दचकले. "कधी आलीस?"

"बराच वेळ झाला. उद्या डॉक्टरकडे जायचं."

ते इस्पितळातल्या डोळ्यांच्या विभागात गेले नाहीत. तिथे संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर बातमी झाली असती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे गेले. काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. कडेकडेने दिसणं कमी होत येतं आणि माणसाला पत्ता लागत नाही, कारण समोरचं दिसत राहतं. डॉक्टरीणबाईंनी गोड शब्दांत काही गुंडाळलं नाही. गेलेलं परत येत नाही, म्हणाल्या. राहिलेलं राखायचं. थेंब लगेच सुरू करा आणि ऑपरेशन लवकर करून घ्या. उशीर जितका, तितकं कमी उरेल. त्यांनी तारीख दिली.

दोघं बसने परत आले. घराच्या दारात किल्ली काढताना चावीदादा म्हणाले, "माझ्यानंतर त्या जिन्यांवरून कोण धावणार आहे?"

"तुम्ही काही मरायला टेकला नाहीत," ती म्हणाली. "आणि धावायचं कशाला? त्या प्रिंटरांना पाय नाहीत, त्यांना काही घाई नाही."

"प्रिंटरांना नाही गं. सुई टोचून रक्त काढलेलं असतं. नळीवर नावाची चिठ्ठी लावल्याशिवाय ते पुढे पाठवता येत नाही. ती चिठ्ठी प्रिंटरमधून येते."

तिने दार उघडलं आणि आत जाऊन दिवा लावला. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. ऑपरेशनच्या आधी इस्पितळातले प्रिंटर असे करून ठेवायचे, की कुणालाही त्यांना बोलवावं लागू नये. नर्सने फक्त आपलं नाव आणि आपला पासवर्ड टाकून आत जावं, आणि प्रिंटर आधीच जोडलेला असावा. ऑपरेशननंतर दिसेल न दिसेल, कोण सांगणार. आणि त्यांच्याइतकं ते सगळं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

विभागाचे साहेब वयाने लहान, मनाने चांगले, पण घाईतले. चावीदादांनी डोळ्यांचं सांगितलं नाही. नुसतं म्हणाले की हे दर वेळचं धावणं बंद करता येईल.

"मग सोपं आहे," साहेब म्हणाले. "सगळ्यांना अ‍ॅडमिन करून टाका. ज्याचा त्याने प्रिंटर जोडून घ्यावा."

"नाही साहेब."

"का नाही?"

"तो व्हायरस आला तेव्हा तुम्ही इथे नव्हता."

साहेब हसले. "दादा, तुम्ही त्याचं नाव असं घेता की जसा काही तुमचा जुना भाडेकरू होता."

"भाडं न देता राहिला होता, साहेब. मला दुसरी वाट माहीत आहे."

दुसरी वाट अशी होती. सगळ्या प्रिंटरांचे ड्रायव्हर आपल्याच एका सर्व्हरवर, म्हणजे इस्पितळाच्या मुख्य संगणकावर ठेवायचे. प्रत्येक संगणकाला बजावून ठेवायचं की ड्रायव्हर घ्यायचा तर याच सर्व्हरकडून, जगातल्या दुसऱ्या कुणाकडूनही नाही. आणि याच्याकडून घेताना चौकट दाखवायची नाही, पासवर्ड मागायचा नाही. माणसांचे अधिकार तसेच तोकडे राहणार. फक्त ती आत शिरताच एक छोटीशी आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, आपोआप चालेल आणि योग्य तो प्रिंटर जोडून मोकळी होईल. साहेबांनी ऐकलं, दोनतीन नेमके प्रश्न विचारले आणि होकार दिला.

योग्य तो प्रिंटर म्हणजे कोणता, हे त्या आज्ञावलीला कुणीतरी सांगायला हवं होतं. चावीदादांना त्यात काही विचार करण्यासारखं वाटलं नाही. त्यांना माणसं पाठ होती. ही सिस्टर हाडांच्या वॉर्डातली, तर हिला हाडांच्या वॉर्डातला प्रिंटर. ते गृहस्थ औषधांच्या खिडकीवरचे, तर त्यांना खिडकीमागचा. एकेक माणूस डोळ्यांसमोर आणून त्यांनी त्याच्या नावापुढे त्याचा प्रिंटर बसवला. ते काम करताना ते कसे दिसत असतील याची मला कल्पना आहे. दुपारच्या सुट्टीत वर्गातल्या सगळ्या मुलांच्या पाट्या ज्याच्या त्याच्या जागेवर ठेवणारा मुलगा मी पाहिलेला आहे.

आणि ते चाललं. पहिल्या सकाळी प्रसूतीच्या मजल्यावरच्या एका सिस्टरांनी संगणक लावला, तर प्रिंटर हजर. त्यांनी फोन करून विचारलं, "दादा, तुम्ही रात्री येऊन गेलात का?" दिवसभर तेच. ज्या फोनला उसंत नव्हती तो दोन वेळा वाजला, त्यातला एक चुकीचा नंबर होता. चावीदादा घरी लवकर आले. बायकोला म्हणाले, "पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. तुझी बॅग भर."

"माझी कशाला? कापणार तुम्हाला."

"मला भरता येत नाही, म्हणून."

त्या रात्री त्यांच्या घरातून हसण्याचा आवाज आलेला मी ऐकला. बऱ्याच दिवसांनी.

ऑपरेशनच्या आधी एक तारीख आली.

एक तारखेला नर्सेस वॉर्ड बदलतात. हाडांच्या वॉर्डातली एक सिस्टर दोन मजले खाली, नवजात बाळांच्या वॉर्डात आली. तिने आपलं नाव टाकलं आणि तिचा प्रिंटर तिच्या मागोमाग आला. म्हणजे, प्रिंटर वरच राहिला आणि तिचे कागद तिथे जायला लागले. एका बाळाच्या टाचेतून रक्त काढून नळी ट्रेमध्ये ठेवली होती. तिने चिठ्ठी छापायची आज्ञा दिली. समोरचा प्रिंटर गप्प. पुन्हा दिली. पुन्हा गप्प. वर हाडांच्या वॉर्डात, पाय टांगलेल्या पुरुषांच्या मध्ये, एका बाळाच्या नावाच्या चिठ्ठ्या एकामागून एक बाहेर पडत होत्या. तिथल्या सिस्टरांनी त्या पाहिल्या, सगळ्या गोळा केल्या आणि जिन्याने खाली धावल्या. तोपर्यंत शेजारच्या बाळाची नळीही त्याच ट्रेमध्ये येऊन पडली होती. दोन नळ्या, दोन्ही कोऱ्या. कोणती कुणाची, हे छातीवर हात ठेवून सांगायला कुणी तयार होईना. अशा वेळी नियम एकच असतो, आणि तो बरोबर आहे. दोन्ही नळ्या टाकून द्यायच्या.

चावीदादांना फोन गेला तेव्हा ते पहिल्या मजल्यावर होते. ते वॉर्डाच्या दारात पोचले, त्याच वेळी आत त्या बाळाला दुसऱ्यांदा सुई टोचली जात होती. त्याची आई काचेला कपाळ लावून उभी होती. त्यांच्याकडे वळून तिने सहज विचारलं, "पहिल्यांदा घेतलं होतं ना हो? मग परत का?"

बायकोला नंतर सांगताना म्हणाले, "तिने मला ओरडून विचारलं असतं तर बरं झालं असतं."

त्याच दुपारी त्यांनी ती आज्ञावली बंद केली, इस्पितळातला प्रत्येक प्रिंटर पुन्हा पूर्वीसारखा हाताने जोडायला सुरुवात केली, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला फोन करून ऑपरेशनची तारीख रद्द केली. डॉक्टरीणबाई रागावल्या. त्यांच्याकडे पुढची मोकळी तारीख एक महिन्यानंतरची होती, पुढच्या वॉर्डबदलाच्या दुसऱ्या दिवशी. चावीदादा म्हणाले, चालेल.

हे बायकोला कळलं तेव्हा ती जिना चढून माझ्याकडे आली. हातात अर्धवट शिवलेलं काहीतरी तसंच होतं, सुई त्यात लटकत होती.

"बाई, तुम्ही त्यांना सांगा. तुमचं ऐकतील."

"काय सांगू?"

"की डोळे त्यांच्या एकट्याचे नाहीत. महिनाभर थांबायचं म्हणे! महिन्यात जे जाईल ते कोणत्या दुकानात मिळतं?"

मी खाली गेले. ते जमिनीवर बसून, पाठ भिंतीला लावून, नुसते समोर बघत होते.

"बाई, तिने पाठवलं ना तुम्हाला?"

"हो. आणि तिचं बरोबर आहे."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मी हे असं टाकून गेलो आणि मला दिसेनासं झालं, तर त्या जिन्यावर मी आंधळा आणि खाली पुन्हा एखाद्या नळीवर चिठ्ठी नाही. हे करून गेलो, तर निदान एकच वाईट होईल."

बायको दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"पण चुकलं कुठे, ते तरी कळलं का?" तिने विचारलं. आवाज चिडलेलाच होता.

"मी सगळं बरोबर केलं होतं. प्रत्येक माणसाला त्याचा प्रिंटर."

"आणि माणूस उठून गेलं."

"हो."

"अहो, मी ब्लाउज माणसाच्या मापाने शिवते. पडदा कुणाच्या मापाने शिवते? खोलीत राहणारा बदलला म्हणून पडदा त्याच्या मागून जातो का? तो खिडकीचा असतो." ती हातातल्या कापडाकडे बघून म्हणाली, "तुमच्या त्या सगळ्या पोरींवर तुमचा जीव, म्हणून प्रत्येकीच्या अंगावर पडदा घातलात."

चावीदादांनी मान वर केली. म्हणाले, "खोली कुणाचीही असो."

"तेच म्हणते आहे मी."

"म्हणजे आत कोण आलं हे बघायचंच नाही. कोणत्या संगणकावर आलं, एवढंच बघायचं."

"ते तुमचं तुम्ही बघा. मला भात टाकायचा आहे."

ऐकायला सोपं वाटतं. पण त्यासाठी इस्पितळातला कोणता संगणक नेमका कोणत्या खोलीत आहे, हे माहीत असायला हवं होतं, आणि ते कागदोपत्री असलेलं खरं राहिलं नव्हतं. वर्षानुवर्षं संगणक हलले होते, बदलले होते, दुरुस्तीला जाऊन भलत्याच टेबलावर परत आले होते. प्रत्येकाच्या पाठीमागे त्याच्या नावाची एक बारीक पट्टी चिकटवलेली असते. खोलीखोलीत जाऊन, टेबलामागे वाकून, ती वाचायला हवी होती. ती बारीक अक्षरं चावीदादांना आता वाचता येत नव्हती.

शेवटी साहेबांना सांगावं लागलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला आधी सांगायचं होतं, दादा."

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही मला घरी पाठवलं असतं."

"हो," साहेब म्हणाले. "पाठवलं असतं." चष्मा परत लावून म्हणाले, "आता आपली पोरं करतील हे काम."

"पोरं अक्षरं वाचतील. पण भिंत पाडून दोनाच्या तीन खोल्या कुठे झाल्या, कोणता प्रिंटर नावाला एका खोलीत असून वापरतात दुसऱ्याच खोलीतले, ते त्यांना कळणार नाही. मला फक्त वाचून दाखवणारं माणूस पाहिजे."

"कुणाला देऊ?"

"माझी मिसेस येईल. आपली परवानगी असेल तर."

अशी ती त्यांच्यामागे पहिल्यांदा त्या इस्पितळात शिरली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली, पण नवऱ्याच्या कामाची जागा तिने दारातून आत कधी पाहिली नव्हती. तिचा त्या जागेवर राग होता. सणावाराला, आजारपणात, जेवणाच्या पानावर, ज्या इमारतीने नवरा उचलून नेला, तिच्यात पाऊल टाकायची तिला हौस नव्हती. गळ्यात पाहुण्याची पट्टी घालून ती त्यांच्या डाव्या बाजूने चालू लागली. उजवी बाजू त्यांची त्यांना सांभाळता येत होती.

ती टेबलामागे वाकायची, पट्टी वाचायची; ते ऐकायचे आणि सांगायचे की इथे कोणता प्रिंटर. पहिल्या दिवशी प्रत्येक खोलीत ते आधी माणसाबद्दल बोलायचे. "इथे त्या सिस्टर बसतात, ज्यांचा मुलगा—"

"कोण बसतं ते नको," ती टेबलाखालून म्हणायची. "खिडकी सांगा."

तिसऱ्या चौथ्या खोलीपासून ती गप्प झाली. प्रत्येक खोलीत लोक उठून उभे राहत होते. एका ठिकाणी फरशी पुसणाऱ्या मावशींनी तिचा हात धरून बाजूला नेलं. "तुम्ही चावीदादांच्या घरच्या? माझा नवरा इथेच गेला. त्या दिवशी कागद मिळत नव्हते. यांनी येऊन प्रिंटर लावला आणि मग माझ्या शेजारी बसून राहिले. काही बोलले नाहीत, बसले फक्त." तिला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ते उशिरा आले होते, आणि ती बोलली होती त्यांना, हे तिला आठवलं.

मोठ्या सिस्टरांना डोळ्यांचं कुणी सांगितलं नाही. त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी चावीदादांना बोळातून येताना पाहिलं आणि वाटेतल्या सगळ्या ट्रॉल्या उजव्या भिंतीकडे लावायचा हुकूम काढला. कुणीतरी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "डावीकडची भिंत रंगवायची आहे." ती भिंत अजून रंगवलेली नाही.

महिना संपायच्या आत काम झालं. पुढची एक तारीख आली. त्या सकाळी बायको म्हणाली, "आज घरी बसा. काही झालं तर फोन करतील."

"फोन आला म्हणजे झालंच असेल काहीतरी," ते म्हणाले, आणि गेले.

नवजात बाळांच्या वॉर्डाबाहेर एक बाक आहे. ते त्यावर बसले. काचेतून त्यांना टेबल आणि प्रिंटर दिसत होते. कडेचं काही दिसत नव्हतं, पण त्यांना तेवढंच बघायचं होतं. त्या दिवशी तिथे एक अगदी नवी मुलगी आली होती, दुसऱ्या गावाहून बदलून आलेली. इस्पितळातला तिचा पहिलाच दिवस, तिला कुणी ओळखत नव्हतं आणि ती कुणाला. एका बाळाला घेऊन आणखी एक सिस्टर आली. टाचेतून रक्त घेतलं. बाळ रडलं. नव्या मुलीने टेबलाशी बसून आपलं नाव टाकलं. प्रिंटर घरघरला. पांढऱ्या चिठ्ठीची पट्टी बाहेर आली. तिने ती फाडली, बाळाच्या पायातल्या पट्टीवरचं नाव एकदा वाचलं, चिठ्ठीवरचं वाचलं आणि नळीला चिकटवली. एवढंच. तिने प्रिंटरकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. का पाहावं?

ते बसून राहिले. दुसरी नळी, तिसरी नळी. मग ती मुलगी काही कामासाठी बाहेर आली आणि तिला ते दिसले.

"काका, भेटायची वेळ अजून झाली नाही. कोणत्या बाळाचे नातेवाईक तुम्ही?"

"कुणाचा नाही," ते म्हणाले. "निघालोच."

ते उठताना बाकाच्या कडेला त्यांचा गुडघा लागला. ती पुढे झाली. "हात धरू का? जिना त्या बाजूला आहे."

"नको बाळ. मला वाट माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

आता त्यांना उजव्या डोळ्याने समोरचं दिसतं, एखाद्या नळीतून बघावं तेवढं. डाव्याने उजेड आणि अंधार कळतो. साहेबांनी त्यांना कामावर ठेवलं आहे. खाली बसून नव्या पोरांना ते सगळं शिकवतात. मुख्य पासवर्ड बदलला. तो बदलून दुसऱ्या कुणाच्या हाती द्या, हा आग्रह त्यांचाच होता. प्रिंटरसाठी आता कुणी कुणाला बोलवत नाही.

परवा दुपारी त्यांची बायको माझ्याकडे येऊन बसली. चहा झाला, मुलीच्या परीक्षेचं बोलून झालं. मग ती एकदम म्हणाली, "बाई, मागच्या तपासणीला मला डॉक्टरीणबाईंना एक विचारायचं होतं. ते आधीच्या तारखेला गेले असते, तर डावा राहिला असता का? जिभेवर आलं होतं. हे बाहेर बसले होते, ऐकू गेलं नसतं."

"मग?"

"नाही विचारलं." ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "त्या बाळाचं रक्त परत काढलं त्या दिवशी यांनी जेवण सोडलं होतं. मी पान वाढून बसले, तर म्हणाले, मला नको. आता मी विचारलं, आणि त्या हो म्हणाल्या, तर ते उत्तर घेऊन मी कुठे जाऊ? यांना द्यायचं की स्वतःकडे ठेवायचं?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली होती, ते स्वतः घालायला गेले की अर्धे गालावरून ओघळतात. कप धुऊन पालथा ठेवून ती खाली गेली.